बाणावरचे एकवीस दिवस

१

अहवालाच्या पहिल्या पानावर, ठळक ठशात आणि चारी बाजूंनी रेघ मारून, असे छापलेले होते:

"उद्घाटन एक आठवडा पुढे ढकलावे लागले, त्याचे कारण शास्त्रीय मोजणीने निश्चित झाले आहे. अकरा टेबलांपैकी दहा टेबले मंजूर वेळेत काम करतात. तपासणी-टेबल मात्र एका फाईलला सरासरी सव्वादोन दिवस लावते. मंजूर वेळ एक दिवस आहे. मोजणीसाठी चाळीसही फायलींच्या वेळा संगणकातून घेतल्या असून दर दहाव्या फाईलचे सखोल निरीक्षण केले आहे. सबब तपासणी-टेबल बंद करावे आणि जोडणी विभागाने आपली तपासणी आपणच करावी."

मजकूर सुबक आहे. त्यात एकही आकडा खोटा नाही, हे मी आधीच मान्य करते. तीस वर्षे मी मोजमापाचे शास्त्र शिकवले आणि त्या तीस वर्षांत एक गोष्ट पुरेपूर कळली: खोटे बोलणारा माणूस केव्हातरी थकतो, सरासरी कधीच थकत नाही. माझ्या दिराच्या पायाला आठ नंबरचा जोडा लागतो आणि त्याच्या नातवाला दोन नंबरचा. सरासरी काढून पाच नंबरचे दोन जोड आणले, तर हिशेब चोख राहील आणि दोघेही अनवाणी फिरतील.

आता शेवटचे वाक्य. जोडणी विभागाने आपली तपासणी आपणच करावी. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, म्हणजे निकाल वेळेवर लागतो, असा या शिफारशीचा मथितार्थ. उत्तरपत्रिकेच्या बाबतीत फार तर एखादा गाढव पदवीधर होईल. इथे प्रश्न रोपवेचा होता. दरीवरून जाणारा एक पोलादी दोर, त्याला लटकणारे चाळीस पाळणे आणि प्रत्येक पाळण्याला दोराशी बांधून ठेवणारी एक पकड. प्रत्येक पाळण्याची एक फाईल. ती अकरा टेबलांवरून फिरते. दहाव्या टेबलावर तपासणी होते आणि तिथली सही नसेल तर पाळणा दोरावर चढत नाही.

ती सही एकोणीस वर्षे माझी धाकटी जाऊ करीत आली होती. शुक्रवारी अकरा वाजता तिची सुनावणी होती. आरोप ऐकताना एक सोबती आणण्याची तिला मुभा होती. अहवाल मंजूर झाला तर तिचे टेबल जाणार होते आणि तिची बदली भांडारात, नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याच्या कामावर, होणार होती.

अहवाल माझ्या हाती बुधवारी संध्याकाळी आला.

२

आमच्या घरात तिला फूटपट्टी म्हणतात. हे नाव मीच ठेवले, आमचे पटत नव्हते त्या काळात. पुढे पटू लागले, पण नाव राहिले. गॅस बंद आहे की नाही हे ती तीनदा पाहते आणि तिसऱ्यांदा पाहिल्याची नोंद चौथ्या नजरेने करते. दीर तिच्यासमोर बसून म्हणाला, की मंजूर वेळेची गोष्ट कोणी काढूच नये. त्याला होकार द्यायला हिने सात महिने लावले होते आणि त्याच्या मते ते एका दिवसाचे काम होते. ती नेहमी यावर उलटून बोलते. त्या संध्याकाळी बोलली नाही, तेव्हा दीर उठून गुपचूप पाणी घेऊन आला.

तिने आपली डायरी उघडली. कामाचे सव्वीस दिवस, प्रत्येक दिवसाची एक ओळ. प्रकल्पप्रमुखांच्या टेबलावरून रोज दोन फायली तिच्याकडे निघत. वीस दिवसांत चाळीस. त्यांपैकी छत्तीस फायली तिने एकेका दिवसात तपासून पुढे दिल्या होत्या, एक मिनिटही जास्त नाही. उरल्या चार. दहा नंबरच्या फाईलला एकवीस दिवस लागले, वीस नंबरला सोळा, तीस नंबरला अकरा आणि चाळीस नंबरला सहा.

छत्तीस अधिक चौपन्न म्हणजे नव्वद. नव्वद भागिले चाळीस, सव्वादोन. अहवालातली सरासरी बिनचूक होती. तिने झाकलेले सत्यही तितकेच बिनचूक होते.

या चार फायली आपल्या टेबलावर वेळेत आल्याच नाहीत, असे जावेचे म्हणणे होते. तसे तिने प्रमुखांना तीनदा सांगितले. प्रमुखांनी संगणकाकडे बोट दाखवले: बाई, इथं तर तुमच्याकडंच दिसतायत. मग तिने टेबल पालथे घातले, कपाट पालथे घातले आणि शेवटी घरी येऊन गाद्यासुद्धा उचलून पाहिल्या.

"मलाच वाटायला लागलं, वहिनी," ती म्हणाली, "की मीच कुठंतरी ठेवल्या आणि विसरले. वय होतंय आता. भांडारात पाठवलं तर पाठवू देत, असं वाटलं."

चोरी, लबाडी, कुचराई यांच्यासाठी कायद्यात कलमे आहेत. एकोणीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईला गाद्या उचलायला लावण्याबद्दल मात्र एकही कलम नाही. ते असायला हवे होते, असे माझ्या मनात आले आणि मग डोके एकदम थंड झाले. माझा राग असाच आहे, तो चढला की मला आकडे स्पष्ट दिसू लागतात.

मी डायरीच्या कडेला लिहिले: दहा नंबरची फाईल पाचव्या दिवशी निघाली, वीस नंबरची दहाव्या, तीसची पंधराव्या, चाळीसची विसाव्या. प्रत्येकीच्या निघण्याच्या दिवसात तिला लागलेले दिवस मिळवले. पाच अधिक एकवीस, सव्वीस. दहा अधिक सोळा, सव्वीस. पंधरा अधिक अकरा, सव्वीस. वीस अधिक सहा, सव्वीस.

"चौघी चार वेगवेगळ्या दिवशी निघाल्या आणि एकाच दिवशी पोचल्या?" दिराने विचारले.

जावेने मान हलवली. पंचविसाव्या दिवशी दुपारी ती जेवून परत आली, तेव्हा चारही फायली तिच्या टेबलावर एकावर एक रचलेल्या होत्या. कोणी ठेवल्या, हे कोणीच पाहिले नव्हते. सव्विसाव्या दिवशी तिने त्या तपासून पुढे दिल्या.

टेबलावर हरवलेली वस्तू एकेक करून सापडते. चार वस्तू एकदम सापडतात तेव्हा त्या हरवलेल्या नसतात, कुठेतरी एकत्र नांदत असतात.

३

गुरुवारी सकाळी, जावेची सोबती म्हणून गेल्यावर, प्रकल्पप्रमुखांनी मला काचेच्या खोलीत बसवले. हा गृहस्थ वाईट नव्हता. त्याने उद्घाटनाची तारीख फार लवकर आणि फार मोठ्याने जाहीर केली होती आणि ती चुकल्यावर त्याला एक कारण हवे होते. कारण शक्यतो एका व्यक्तीच्या आकाराचे असावे, अशी मोठ्या पदांवरच्या माणसांची सार्वत्रिक आवड असते.

प्रमुखांच्या मागे भिंतीवर कामाचा नकाशा टांगला होता. अकरा टेबलांच्या अकरा चौकटी आणि त्यांना जोडणारे दहा बाण. चौकटींत वेळ लिहिलेली: दीड दिवस, अर्धा दिवस, दहा मिनिटे. दहा मिनिटांची चौकट त्यांची स्वतःची होती. दहावी चौकट लाल होती.

मी विचारले, की फाईल त्यांच्याकडून निघाली हे संगणकाला कसे कळते. सही झाली की आपण 'पुढे' ही कळ दाबतो, ते म्हणाले. दाबल्या क्षणी फाईल पुढच्या टेबलावर दिसू लागते आणि तिथले घड्याळ सुरू होते.

"आणि कागद?"

"कागदाचं शिपाई बघतो."

"त्याला पोचायला किती वेळ लागतो?"

ते हसले. तपासणीचे टेबल त्यांच्या दारापासून बावीस पावलांवर होते.

मी नकाशाकडे पाहिले. अकरा चौकटींत वेळ होती, दहाही बाणांवर काहीच नव्हते. ज्याने हा नकाशा काढला त्याच्या विश्वात काम नेहमी टेबलावरच असते. दोन टेबलांच्या मध्ये ते कधी थांबत नाही, विसरत नाही, वाट चुकत नाही. कळ दाबली की पुढच्या माणसाचा वेळ सुरू. मग फाईल बावीस पावलांच्या वाटेवर एकवीस दिवस राहो, ते एकवीस दिवस पुढच्याच्या नावावर चढणार. जावेला वेळ लागला नव्हता. तिला तो वारसाहक्काने मिळाला होता.

आपली फाईल आपल्याकडून गेली की आपला संबंध संपतो, असे प्रमुखांनी पुन्हा एकदा ठासून सांगितले. त्यांनी ते फारच ठासून सांगितले.

बाणावर कोणीतरी बसले होते, एवढे मला कळले होते. ते बसणारे बूड या खुर्चीतले होते का, हे पाहायचे होते.

४

जोडणीप्रमुखाला सगळे पाना म्हणतात. तपासणीचे टेबल गेले तर सर्वांत जास्त फायदा त्याचाच, म्हणून त्याच्याकडे मी सर्वांत मवाळ चेहऱ्याने गेले. तो एका पाळण्याखाली उताणा पडला होता आणि तिथूनच बोलला.

"ती बया गेली तर मी पेढे नाही वाटणार, पण रडणारही नाही," तो म्हणाला. "पण फायली मी लपवल्या असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर जरा डोकं लावा, बाई. मला लपवायच्याच असत्या तर मी सात आणि तेवीस लपवल्या असत्या. तिथं तिनं मला धू धू धुतलाय. दहा, वीस, तीस, चाळीस लपवून माझा काय फायदा? गोल आकडे बघून लपवायला मी काय शाळकरी आहे?"

मी म्हटले, की साप्ताहिक मीटिंगमध्ये त्याच्या हाती फायली आल्या असतील. तो पाळण्याखालून सरकत बाहेर आला. मीटिंगला तो आजवर गेलेला नव्हता. तिथे कसण्यासारखे काही नसते, असे त्याचे मत पडले. मग हात पुसत, माझ्याकडे न पाहता, त्याने विचारले की भांडारात बाईंना खरेच पाठवणार का. मी हो म्हटले. तो परत पाळण्याखाली गेला आणि तिथून म्हणाला, की तिच्या सहीनंतर त्याला रात्री झोप लागायची, हे तिला सांगायची गरज नाही.

शिपाईकाका जिन्याच्या कठड्याशी भेटले. रोज दोन फायली ते प्रमुखांच्या टेबलावरून उचलून जावेच्या टेबलावर ठेवत. फक्त मीटिंगच्या दिवशी वेगळे. मीटिंग दर पाचव्या दिवशी. त्या दिवशी काकांना खुर्च्या मांडायच्या असत, पाण्याचे पेले भरायचे असत आणि साहेब सह्या मीटिंगच्या खोलीतच करत. तिथल्याच संगणकावर कळ दाबून फायली टेबलावर सोडत.

"मीटिंग उठली की टेबलावर जे असेल ते उचलून बाईंना नेऊन द्यायचं," काका म्हणाले.

"त्या दिवशी किती फायली असायच्या?"

"मोजणं माझं काम नाही, बाई. त्याला वेगळा माणूस ठेवलाय. टायवाला."

मी पिशवीतून जावेची डायरी काढली. पाचवा दिवस: एकच आली. दहावा: एकच आली. पंधरावा, विसावा, तेच. चारही फायली मीटिंगच्या खोलीत शिरल्या होत्या आणि तिथून निघाल्या नव्हत्या.

शेवटचा प्रश्न मी सहज विचारला: पंचविसाव्या दिवशी, मीटिंगनंतर, काका कुठे होते? ते साहेबांबरोबर वरच्या स्थानकावर गेले होते, साहेबांचा डबा आणि पाहुण्यांची छत्री घेऊन. अंधार पडायच्या सुमारास परतले. साहेबही? साहेबही, छत्री साहेबांच्याच डोक्यावर धरायची होती.

जावेच्या टेबलावर फायली त्याच दुपारी प्रकटल्या होत्या. एका छत्रीखाली माझे दोन संशयित एकदम निर्दोष सुटले.

पण मीटिंगच्या खोलीत खुर्च्या, एक लांब टेबल, संगणक, प्रोजेक्टर आणि एक पंखा यांखेरीज ठेवणीची जागाच नव्हती, असे काका शपथेवर सांगत होते. कपाट नाही, खण नाही, कोनाडा नाही. बोटभर जाडीच्या चार फायली वीस दिवस दर आठवड्याला पंधरा माणसांसमोर राहिल्या आणि कोणालाच दिसल्या नाहीत?

५

टायवाल्याला कार्यालयात स्टॉपवॉच म्हणत. मोजणीतज्ज्ञ, बाहेरून बोलावलेला, वय बत्तीस-तेहेतीस. फार अदबशीर तरुण. मी हाच विषय शिकवत होते हे कळल्यावर त्याने मला मीटिंगच्या खोलीत नेऊन खुर्ची दिली, मग त्याहून बरी खुर्ची दिली. आपला नकाशा दाखवायची विनंती त्याला करावी लागली नाही.

दर आठवड्याला तो प्रोजेक्टरने हा नकाशा भिंतीवर पाडत असे आणि प्रत्येक चौकटीवर रंगीत कागदाची चिठ्ठी चिकटपट्टीने लावत असे: या टेबलावर इतक्या फायली पडून. लोक उठून चिठ्ठ्या हलवत, त्यामुळे सहभाग वाढतो, असे त्याने सांगितले. मीटिंगनंतर चिठ्ठ्या निघत. चिकटपट्टीचे कोपरे मात्र भिंतीवरच राहत.

त्याने प्रोजेक्टर लावला. चित्र भिंतीवर इतके खाली पडले, की खालच्या तीन चौकटी खुर्च्यांच्या पाठींवर सांडल्या. लाल चौकट एका खुर्चीच्या हातावर दुमडून बसली. जुना आहे, मान टाकतो, असे म्हणत त्याने प्रोजेक्टरचा पुढचा पाय हाताने उचलून धरला आणि चित्र वर सरकले. थोडा वेळ धरून त्याचा हात दुखला, तेव्हा चित्र पुन्हा खाली आले.

"मागच्या आठवड्यांत असंच दिसायचं?" मी विचारले.

नाही, तेव्हा नीट दिसायचे, तो म्हणाला. मग त्याला पेल्यातले पाणी प्यावेसे वाटले.

जाऊ दारात उभी होती. तिला भिंतीकडे पाहताना मी पाहिले. एकोणीस वर्षे पोलादातली केसाएवढी भेग शोधणारी नजर चिकटपट्टीच्या कोपऱ्यांवर स्थिर झाली. ती पुढे आली, पर्समधून फूटपट्टी काढली (ती खरोखरच जवळ बाळगते) आणि भिंत मोजू लागली. स्टॉपवॉचने अदबीने खुर्ची बाजूला केली.

तपासणीच्या चौकटीच्या चिठ्ठीचे कोपरे भिंतीवर चार उंचींवर होते. पहिल्या खुणेवर पट्टीचा एक थर, तिच्या वर एक वीत सोडून दुसरी खूण, तितक्याच अंतरावर तिसरी, तितक्याच अंतरावर चौथी. चौथीवर पट्टीचे दोन थर होते. पाच मीटिंगा, पाच चिठ्ठ्या, चार उंच्या. आजचे चित्र मात्र पहिल्या खुणेच्याही खाली पडले होते.

"अंतर सगळीकडे सारखंच आहे, वहिनी," ती म्हणाली. "कोणीतरी दर आठवड्याला सारख्याच मापानं वर चढवलंय."

त्या खोलीत, त्या क्षणी, मी तिला एकच विचारू शकले असते आणि ते घरी जाऊन विचारले. तिच्या कार्यालयातल्या सगळ्या फायलींची जाडी सारखी असते का? पकडीची चाचणी, साखळीची चाचणी, दाराची चाचणी: प्रत्येक पाळण्याचे कागद तेवढेच, ती म्हणाली. अमुक इतकी पाने, अमुक इतकी जाडी. तिला माहीत असणारच होते.

दिराने विचारले, आता तरी सांगाल का कोणी केले. मी सांगितले की कोणी ते कळले आहे, कुठे ते कळले आहे. का, हे फक्त करणाराच सांगू शकेल आणि तो आपणहून सांगेल अशी व्यवस्था करायची आहे.

जाऊ त्या रात्री नीट जेवली. गॅस मात्र चारदा पाहिला.

६

सुनावणीला प्रकल्पप्रमुख मध्यभागी बसले. डावीकडे स्टॉपवॉच, उजवीकडे टंकलेखिका. शिपाईकाका दाराशी आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगच्या खोलीत आलेला पाना खिडकीशी, तेलकट हात पाठीमागे घेऊन.

मी भाषण केले नाही. दहा, वीस, तीस आणि चाळीस नंबरच्या फायली अभिलेख कक्षातून मागवून घेतल्या होत्या. स्टॉपवॉचला प्रोजेक्टर सुरू करण्याची विनंती केली. चित्र कालच्याप्रमाणे खुर्च्यांवर पडले. मी जावेला खूण केली.

तिने दहा नंबरची फाईल प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली सरकवली. चित्र वर चढले आणि लाल चौकट भिंतीवरच्या पहिल्या खुणेवर जाऊन बसली. वीस नंबर ठेवली, दुसरी खूण. तीस नंबर, तिसरी. चाळीस नंबर ठेवल्यावर लाल चौकट चौथ्या खुणेवर अशी नेमकी बसली, की पानाच्या तोंडून कौतुकाची शिट्टी निघून गेली. शेवटी जावेने चाळीस नंबरची फाईल काढून तिचे वेष्टन प्रमुखांना दाखवले. पुठ्ठ्यावर रबरी पायाचा गोल वळ उमटला होता. आजच्या एका मिनिटात उमटण्याइतका तो हलका नव्हता.

फायली पंधरा माणसांसमोर होत्या आणि कोणाला दिसल्या नव्हत्या, कारण सगळे समोर, त्यांच्या आधाराने पडलेल्या चित्राकडे पाहत होते. 'फायली इथे अडकल्या आहेत' असे ज्या चौकटीवर लिहिले होते, ती चौकट त्याच फायलींनी उचलून धरली होती. चार आठवडे.

प्रमुखांनी ओठ आवळले. त्यांना हसू आवरत नव्हते आणि हसणे शोभत नव्हते. मग त्यांच्या लक्षात आले की बोट आता कुठे वळणार आणि हसू आपोआप आवरले.

मी अहवालातले एकच वाक्य वाचले: दर दहाव्या फाईलचे सखोल निरीक्षण केले आहे. चाळीस फायलींतली दर दहावी म्हणजे दहा, वीस, तीस, चाळीस. निरीक्षण करायचे तर फाईल हाती घ्यावी लागते. हाती घेतली, तर ती कोणत्यातरी टेबलावर जाते. या नकाशात टेबले अकरा आहेत. निरीक्षणाचे टेबल कोणते?

प्रमुखांनी नकाशावरच्या चौकटी पुन्हा मोजल्या.

दहा जण नदी ओलांडतात आणि पलीकडे गेल्यावर आपल्यातला कोणी वाहून तर नाही ना गेला, म्हणून मोजू लागतात. जो मोजतो त्याला नऊच भरतात आणि सगळे त्या दहाव्यासाठी गळा काढतात. ही गोष्ट जुन्या आचार्यांनी ब्रह्मज्ञानासाठी सांगितली. व्यवस्थापनाचे तिच्याकडे लक्ष गेलेले दिसत नाही. मोजणारा स्वतःला मोजत नाही. अकरा टेबलांचा वेग मोजायला बोलावलेला माणूस स्वतः बारावे टेबल झाला होता. आणि ते टेबल, त्याच्याच पद्धतीने मोजले, तर त्या कार्यालयातले सर्वांत संथ टेबल होते.

मी स्टॉपवॉचकडे वळून एवढेच म्हटले: "तुम्ही विसरलात, ते मी समजू शकते. मी तीस वर्षे शिकवलंय, विसरणारी मुलं मला प्रिय आहेत. पण पंचविसाव्या दिवशी दुपारी फायली तिच्या टेबलावर ठेवणारा माणूस विसरलेला नव्हता. अहवाल छापला तिसाव्या दिवशी. मधल्या पाच दिवसांचं काय?"

त्याने टाय सैल केला. मग जावेकडे पाहिले, पहिल्यांदाच. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. वळ उमटलेले वेष्टन अंगठ्याने सरळ करत होती.

आपण बोलतो ते लिहून घ्या, असे तो टंकलेखिकेला म्हणाला.

७

शिफारस मागे घेतली गेली. दहावी चौकट नकाशावर पांढरी झाली आणि बाणांवर वेळ लिहायची नवी पद्धत सुरू झाली. कागद हाती येईपर्यंत पुढच्या टेबलाचे घड्याळ आता चालत नाही. प्रमुखांनी बावीस पावले स्वतः चालून जावेची माफी मागितली. पाना सोमवारी एक पकड घेऊन तिच्या टेबलाशी आला आणि ही जरा नीट बघा म्हणाला. ती सदोष निघाली, तेव्हा दोघांचे नेहमीप्रमाणे कडाक्याचे भांडण झाले. ती घरी आली ती गुणगुणत. दिराने विचारले की टेबल किती वेळात परत मिळाले. ती म्हणाली, सात महिन्यांहून कमी.

कबुलीजबाबावर साक्षीदार म्हणून सही तिचीच आहे. ती करायला तिने एक दिवस घेतला, मंजूर वेळेइतकाच. टंकलेखिकेने उतरवून घेतलेला तो जबाब जसाच्या तसा देते:

"दहा, वीस, तीस आणि चाळीस नंबरच्या फायली मी मीटिंगच्या टेबलावरून नमुना म्हणून उचलल्या. प्रत्येकीची पानं आणि सह्या मोजायला मला दहा-बारा मिनिटं लागली. मग ती हाताशी होती म्हणून प्रोजेक्टरखाली ठेवली, कारण खालच्या चौकटी दिसत नव्हत्या आणि त्यांच्याखाली दर आठवड्याला आकड्यांची नवी ओळ वाढत होती. पुठ्ठे मळके होते म्हणून वर रुमाल टाकला. मग मला त्या खरंच आठवल्या नाहीत. पंचविसाव्या दिवशी मी लाल चौकट दाखवली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कामाला आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मीटिंग संपल्यावर रुमाल उचलला तेव्हा सगळं कळलं. बाई जेवायला गेल्या होत्या, मी फायली त्यांच्या टेबलावर ठेवल्या. वाटलं, आता त्या शोधायच्या थांबतील आणि विषय मिटेल. मग साहेबांनी अहवाल मागितला. मी आकडे बदलले नाहीत. आकडे बदलणं मला जमत नाही. मी फक्त गप्प बसलो. सव्विसाव्या दिवशी त्या फायली तपासून पुढं गेल्या, तेव्हा मी त्या उघडून पाहिल्या. तीस नंबरच्या पाळण्याची पकड दोन मिलिमीटर सैल आहे, बदलून पुन्हा दाखवा, असं बाईंनी लिहिलं होतं. पहिल्या फेरीला कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बसवणार आहेत आणि माझ्या आईला तीस नंबरच मिळालाय. मी त्याच दिवशी जोडणीत गेलो, पकड बदलून घेतली आणि बाईंनी तिच्यावर दुसऱ्यांदा सही करेपर्यंत तिथून हललो नाही. लाल चौकट मात्र पुसली नाही."